प्रोग्राम ‘हँग’ होतो तेव्हा

महिनाअखेरीला पतसंस्थेच्या काउंटरवर कुणीतरी व्याज लावण्याचं बटण दाबतं. क्षणभर काहीच होत नाही. मग स्क्रीन पांढुरकी पडते, वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं येतात आणि काउंटरवरचा माणूस शेजारच्याला विचारतो, “थांबू का बंद करू?” समोर खातेदार उभे असतात. बंद केलं तर अर्ध्या खात्यांना व्याज लागलं आणि अर्ध्यांना नाही, असं तर होणार नाही ना, ही धास्ती मनात असते.

कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी ‘हँग होणं’ म्हणजे आत नेमकं काय घडतं ते पाहायला हवं. ते एकदा कळलं की स्क्रीनवरच्या इतर अनेक तक्रारींचाही उलगडा होतो.

१. एक खिडकी, एक रांग

डेस्कटॉपवरचा प्रोग्राम उघडा असतो तेव्हा बहुतेक वेळ काहीच करत नसतो. तो वाट पाहत असतो. माउस हलला, कळ दाबली गेली, वरची दुसरी विंडो बाजूला झाल्याने खालचा भाग पुन्हा रंगवायचा झाला, की ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक घटनेची एक चिठ्ठी प्रोग्रामच्या रांगेत टाकते. अशा घटनेला ‘इव्हेंट’ म्हणतात. विंडोजचे प्रोग्रामर चिठ्ठीला ‘मेसेज’ म्हणतात. प्रोग्राम रांगेतली पहिली चिठ्ठी उचलतो, तिचं काम संपवतो, मग पुढची उचलतो. प्रोग्राम बंद होईपर्यंत हे चक्र चालू राहतं. त्याचं नाव ‘इव्हेंट लूप’. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे आतली रचना हीच.

हे चक्र चालवणारा ‘थ्रेड’ मात्र एकच असतो. थ्रेड म्हणजे एकामागून एक सूचना पाळत जाणारा कामाचा एक सलग धागा. पोस्टात एकच खिडकी उघडी असावी आणि तिथे एकच कारकून बसलेला असावा, तशी ही व्यवस्था. तिकीट, मनीऑर्डर, रजिस्टर पत्र अशी दोन-दोन मिनिटांची कामं असतात तोवर रांग सरकत राहते. मग कुणीतरी जुन्या नोंदीची नक्कल मागतं आणि कारकून दप्तरखान्यात जातो. तो तिथे मन लावून काम करत असतो, पण खिडकीवर कुणी नसतं आणि रांग खोळंबते.

व्याजाच्या बटणाचं नेमकं हेच होतं. बटण दाबल्याची चिठ्ठी उचलून प्रोग्राम हजारो खात्यांच्या हिशोबात शिरतो. तो संपेपर्यंत पुढची चिठ्ठी उचलायला कुणी नसतं. विंडो रंगवण्याची सूचनासुद्धा त्याच रांगेत असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून बटणं चालत नाहीत आणि चित्रही ताजं होत नाही.

रांग ५ सेकंद हलली नाही, की विंडोज त्या विंडोला ‘प्रतिसाद देत नाही’ असं ठरवते. मग ती खरी विंडो लपवून तिच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी मांडते. तिला ‘घोस्ट विंडो’ म्हणतात. माणूस ती सरकवतो, छोटी करतो, बंद करू पाहतो, ते सगळं या सावलीशी चाललेलं असतं. मॅकवर अशा वेळी माउसच्या बाणाऐवजी रंगीत चकती फिरू लागते.

आजची परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुसह्य आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक प्रोग्रामने आपणहून जागा सोडावी लागे. एकाने सोडली नाही तर अख्खं मशीन अडे. विंडोज ९५ पासून नव्या, म्हणजे ३२-बिट, प्रोग्रामना ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच आळीपाळीने वेळ वाटून देऊ लागली, आणि एकाचं अडणं बहुतेक वेळा त्याच्यापुरतं राहू लागलं.

मग थांबायचं का बंद करायचं? टास्क मॅनेजर उघडून त्या प्रोग्रामचा सीपीयू आणि डिस्कचा आकडा पाहावा. आकडे हलत असतील तर काम चालू आहे, थांबावं. दोन्ही कितीतरी मिनिटं शून्यावर असतील तर प्रोग्राम कशाची तरी वाट पाहत अडला आहे: नेटवर्क, प्रिंटर किंवा दुसरं काही. तिसरी शक्यता फसवी आहे. आठ कोअरच्या मशीनवर सीपीयूचा आकडा १२-१३ टक्क्यांवर खिळून बसला असेल, तर एक कोअर पूर्ण जुंपलेला आहे. तो मोठा हिशोब असू शकतो किंवा कधीच न संपणारं चक्रही असू शकतं. बाहेरून पाहून या दोहोंतला फरक कळत नाही.

प्रोग्रामरला मात्र तो पाहता येतो. हँग झालेल्या क्षणीच डिबगर जोडून प्रोग्राम थांबवायचा आणि मुख्य थ्रेड कोणत्या ओळीवर आहे ते बघायचं. व्हिज्युअल स्टुडिओत त्यासाठी ‘ब्रेक ऑल’ आहे, जावासाठी ‘जेस्टॅक’ नावाचं साधन आहे. डिबगर नसेल तर टास्क मॅनेजरमधून प्रोग्रामच्या त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, म्हणजे ‘डंप फाइल’, काढून ठेवता येते. पुष्कळ नवे प्रोग्रामर या पायरीला बगल देतात आणि अंदाजाने कोड बदलत बसतात. एका नजरेत मिळणाऱ्या उत्तरासाठी मग आठवडा जातो.

२. दप्तरखान्यात दुसरा माणूस

उपाय उघड आहे. लांबलचक काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवायचं आणि मुख्य थ्रेडने खिडकी सोडायची नाही. पण इथूनच दुसऱ्या प्रकारचा बिघाड सुरू होतो. दुसरा थ्रेड काम करता करता थेट स्क्रीनवरची अक्षरं बदलू लागतो. कधी ते बिनबोभाट चालतं, कधी यादीतल्या ओळी गायब होतात, कधी प्रोग्राम कोसळतो. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं ठीक आणि ग्राहकाकडे बिघाड, अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा.

कारण असं. मजकुराच्या एका साध्या चौकटीच्या मागे मेमरीत बऱ्याच नोंदी असतात: मजकूर, त्याची लांबी, कर्सरची जागा, रुंदी. एक थ्रेड मजकूर बदलून लांबीची नोंद करणार, इतक्यात दुसरा जुन्या लांबीने ती चौकट रंगवायला घेतो. दोघांचा मेळ बसला नाही की गोंधळ होतो.

मग प्रत्येक चौकटीला कुलूप का लावू नये, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड तिला हात लावू शकेल? तसा प्रयत्न झालेला आहे. जावाची पहिली खिडक्या-बटणांची लायब्ररी ‘एडब्ल्यूटी’ अनेक थ्रेडनी वापरावी अशा बेताने रचली होती. तिच्या जोडीला आलेल्या ‘स्विंग’ने तो नाद सोडला आणि एकाच थ्रेडचा नियम घातला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये यामागची अडचण मांडली. माउसची क्लिक खालून वर येते: आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग विंडो, मग बटण, मग प्रोग्राम. प्रोग्रामची आज्ञा वरून खाली जाते. दोघांना वाटेतली कुलपं उलट क्रमाने लागतात. एकाने वरचं घेतलेलं असतं, दुसऱ्याने खालचं, आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडतात. याला ‘डेडलॉक’ म्हणतात.

म्हणून आज जवळपास सगळीकडे एकच शिस्त आहे: स्क्रीनला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा, दुसऱ्याने आपला निरोप चिठ्ठी करून रांगेत टाकायचा. स्विंगमध्ये हे काम ‘इन्व्होकलेटर’ करतं, डॉटनेटमध्ये ‘बिगिनइन्व्होक’, क्यूटीमध्ये सिग्नल आणि स्लॉट. डॉटनेटने २००५ च्या आवृत्तीपासून हा नियम मोडणाऱ्याला डिबगरमध्येच अडवायला सुरुवात केली. ती चूक दिसायला लागल्यावर काहीजण तपासणीच बंद करून टाकतात. तशी सोय डॉटनेटमध्ये आहे. ती वापरू नये. बिघाड तसाच राहतो, फक्त तो लिहिणाऱ्याच्या टेबलावरून उठून ग्राहकाच्या टेबलावर जातो.

प्रगती दाखवणाऱ्या पट्टीचंही एक गणित आहे. समजा २०,००० खाती आहेत आणि प्रत्येकाला २ मिलिसेकंद लागतात. एकूण ४० सेकंद. प्रत्येक खात्यानंतर पट्टी रंगवली आणि त्याला ५ मिलिसेकंद लागले, तर नुसत्या रंगवण्यात १०० सेकंद जातात. ४० सेकंदांचं काम १४० सेकंदांवर जातं. दर २०० खात्यांनी एकदा रंगवली तर पट्टी १०० वेळाच बदलते आणि जादा वेळ अर्धा सेकंद. पट्टी तरीही सेकंदातून दोनदा हलते आणि माणसाला ते पुरतं. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा इथे उपयोगी पडतात: ०.१ सेकंदाच्या आत झालेलं काम तात्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं.

जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या प्रोग्राममध्ये एक वेगळाच उतारा आढळतो. लांब चक्राच्या मध्येच ‘डूइव्हेंट्स’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे हिशोब अर्धवट ठेवून रांगेतल्या चिठ्ठ्या निपटायच्या आणि पुन्हा हिशोबाला लागायचं. स्क्रीन जिवंत राहते, पण त्या चिठ्ठ्यांमध्ये त्याच बटणाची दुसरी क्लिक असू शकते. मग पहिला हिशोब चालू असतानाच त्याच्या पोटात दुसरा सुरू होतो आणि खात्याला व्याज दोनदा लागू शकतं. जुना कोड लगेच बदलणं शक्य नसेल तर निदान पहिल्या क्लिकला बटण निष्क्रिय करावं, काम संपल्यावर पुन्हा सुरू करावं. ही दोन ओळींची काळजी आहे आणि ती न घेतल्याने होणारं नुकसान पैशांत मोजता येतं.

३. हँग न झालेला ‘हँग’

काही वेळा प्रोग्राम अडलेलाच नसतो. क्लिक केलं की नुसता ‘टिंग’ आवाज येतो, विंडो ढिम्म हलत नाही, पण ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ही येत नाही. तिथे ‘खात्री आहे का?’ असं विचारणारी छोटी विंडो मुख्य विंडोच्या मागे दडलेली असते. तिचं उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो काही ऐकत नाही. अल्ट आणि टॅब दाबून पाहिलं तर बहुधा ती सापडते. चूक लिहिणाऱ्याची: छोटी विंडो उघडताना तिची मालक विंडो कोणती हे नीट सांगितलेलं नसतं. मालक योग्य असेल तर छोटी विंडो कायम तिच्या वरच राहते.

याच्याच जोडीची दुसरी तक्रार म्हणजे टास्कबारवर दिसणारी पण स्क्रीनवर न येणारी विंडो. काही प्रोग्राम बंद होताना आपली जागा लिहून ठेवतात. लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटर काढला की ती जागाच उरत नाही. विंडोज तर छोटी केलेली विंडो उणे ३२०००, उणे ३२००० या ठिकाणी नेऊन ठेवते. प्रोग्रामने छोट्या अवस्थेत बंद होताना तोच आकडा जपून ठेवला, तर पुढच्या वेळी तो इमानेइतबारे तिथेच उघडतो. वापरणाऱ्याने अल्ट आणि स्पेस दाबून, मग एम दाबून बाणाच्या कळांनी विंडो ओढून आणावी. लिहिणाऱ्याने उघडताना पाहावं, की ही जागा आत्ताच्या एखाद्या स्क्रीनवर आहे का. नसेल तर विंडो मधोमध उघडावी.

४. दहाला ठीक, पाऊणला बिघाड

सर्वांत जास्त छळणारी तक्रार अशी: “सकाळी छान चालतं, दुपारी बटणं काळी पडतात. बंद करून उघडलं की पुन्हा ठीक.” अशा वेळी व्हायरसपासून व्होल्टेजपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला जातो.

विंडोजवर चित्र काढण्यासाठी प्रोग्राम फॉन्ट, ब्रश, पेन अशा वस्तू मागून घेतो. त्यांना ‘जीडीआय ऑब्जेक्ट’ म्हणतात. एका प्रोग्रामला अशा १०,००० वस्तू घेता येतात. ही मूळ मर्यादा. काम झालं की वस्तू परत करायची असते. समजा प्रोग्रामच्या तळाशी घड्याळ आहे, ते दर सेकंदाला रंगवलं जातं आणि प्रत्येक वेळी एक नवा फॉन्ट मागितला जातो, पण परत दिला जात नाही. १०,००० सेकंद म्हणजे २ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. सकाळी दहाला उघडलेला प्रोग्राम पाऊणच्या सुमारास मर्यादेला भिडतो. त्यानंतर विंडोज नवी वस्तू देत नाही. अक्षरं भलत्याच फॉन्टमध्ये उमटतात, चौकोन काळे किंवा कोरे राहतात.

लिहिणाऱ्याने तपासताना प्रोग्राम दहा मिनिटं चालवला तर जेमतेम ६०० वस्तू खर्ची पडतात. त्याला काहीच दिसत नाही आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, “माझ्याकडे होत नाही.” टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ भागात ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ असा रकाना वाढवता येतो. प्रोग्राम चालू ठेवून त्या आकड्याकडे मिनिटभर बघावं. आकडा खालीवर होत असेल तर ठीक. सतत चढतच असेल तर गळती आहे. मग एकेक विंडो उघडून-मिटून पाहिलं की कोणत्या कृतीने तो चढतो ते सापडतं.

५. अक्षरं कापली जातात, नावं तुटतात

एकाच प्रोग्रामची अक्षरं एका लॅपटॉपवर धूसर दिसतात, दुसऱ्यावर बटणात मावत नाहीत. ही एकाच प्रश्नाची दोन रूपं आहेत. विंडोजच्या हिशोबात इंचाला ९६ ठिपके म्हणजे १०० टक्के. बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर सगळं इवलंसं दिसू नये म्हणून १५० टक्क्यांची मांडणी निवडली जाते. प्रोग्रामला या भानगडीची कल्पनाच नसेल तर विंडोज त्याचं चित्र दीडपट ताणते. २००७ च्या व्हिस्टापासून ही सोय आहे. ताणलेलं चित्र धूसर दिसतंच. उलट प्रोग्रामने ‘मला कळतं, ताणू नका’ असं जाहीर केलं, पण बटणांची मापं ठिपक्यांत पक्की बांधलेली ठेवली, तर अक्षरं वाढतात आणि बटणं तेवढीच राहतात. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये बटणाचं मूळ माप ७५ बाय २३ आहे. १५० टक्क्यांवर ते ११३ बाय ३५ च्या आसपास हवं. यावरचा टिकाऊ इलाज एकच: मापं हाताने न बांधता लेआउटवर सोपवायची, म्हणजे आतल्या मजकुरानुसार बटण आपोआप लहानमोठं होतं.

मराठीत प्रोग्राम करणाऱ्यांना तर याला पर्यायच नाही. ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ आलं की रुंदी वाढते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे उंचीही वाढते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत ‘कर्तृत्व’चा रफार किंवा ऋकार कापला गेलेला पुष्कळांनी पाहिला असेल.

नाव तुटण्याची तक्रार जास्त गंभीर, कारण तिथे माहिती कायमची बिघडते. युनिकोडमध्ये मात्रा, हलंत आणि प्रत्येक व्यंजन यांची वेगळी नोंद होते. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर, पण आत क, हलंत, ष, वेलांटी अशा चार नोंदी. आता ‘लक्ष्मीकांत ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याच्या दृष्टीने आठ अक्षरं आणि एक मोकळी जागा. युनिकोडच्या हिशोबाने ११, १ आणि १०, म्हणजे २२ नोंदी. चौकटीला ‘जास्तीत जास्त २०’ अशी मर्यादा घातलेली असेल तर शेवटचे व आणि र गळतात आणि पावतीवर ‘ज्ञानेश्’ छापून येतं. मर्यादा घालणाऱ्याला २० अक्षरं भरपूर वाटलेली असतात. मराठी नावांसाठी ही मर्यादा किमान तिप्पट ठेवावी, आणि कापायचीच वेळ आली तर पूर्ण अक्षराच्या सीमेवर कापावं.

मराठीऐवजी भलतंच काही दिसत असेल तर काय दिसतं यावरून रोग ओळखता येतो. रिकामे चौकोन म्हणजे माहिती शाबूत आहे, फॉन्टमध्ये अक्षर नाही. युरोपीय चिन्हांची गिचमिड म्हणजे बहुधा माहिती शाबूत आहे, पण चुकीच्या संकेतपद्धतीने वाचली जात आहे. ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर धोका आहे: वाटेत कुठेतरी मजकूर देवनागरी नसलेल्या संकेतात बदलला गेला आणि मूळ अक्षरं बहुधा गेली. अशा वेळी ती फाइल पुन्हा सेव्ह करू नये.

६. स्क्रीनवर एक, आत दुसरं

स्क्रीन आणि आतली स्थिती यांची फारकत किती महागात पडू शकते, याचं उदाहरण डेस्कटॉपच्या बाहेरचं आहे, पण प्रत्येक प्रोग्रामरने जाणून घ्यावं असं आहे. कॅनडातल्या एईसीएल या संस्थेच्या ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा झाला. त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथे १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये असे दोन अपघात झाले.

तिथली ऑपरेटर टंकनात तरबेज होती. तिने इलेक्ट्रॉनऐवजी चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं, चूक लक्षात येताच वरच्या बाणाच्या कळीने मागे जाऊन ती दुरुस्त केली आणि पुढे गेली. स्क्रीनवर दुरुस्त नोंद दिसत होती. पण यंत्राला आपले चुंबक जुळवायला सुमारे ८ सेकंद लागत, आणि त्या वेळात झालेली दुरुस्ती आतला प्रोग्राम टिपतच नव्हता. नंतर स्क्रीनवर आलं ते फक्त ‘मालफंक्शन ५४’.

कारण सापडलं ते रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने ऑपरेटरला सोबत घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करून पाहिल्यामुळे. बिघाड दुरुस्तीच्या वेगावर अवलंबून होता. कंपनीच्या इंजिनिअरला तो आधी घडवूनच आणता आला नाही. नोंदी भराभर करायला हव्यात, हे सांगितल्यावर त्यालाही जमलं. तात्पुरता उपाय म्हणून कंपनीने वरच्या बाणाच्या कळीची टोपी काढायला आणि तिची जोडणी चिकटपट्टीने कायमची उघडी ठेवायला सांगितलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ते अपुरं वाटलं.

ग्राहकाकडून तक्रार येते तेव्हा याच कारणाने नुसतं ‘हँग होतं’ एवढ्यावर फोन ठेवू नये. कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली, किती वेगाने, प्रोग्राम किती तास उघडा होता, स्क्रीनची मांडणी किती टक्क्यांची, किती मॉनिटर, नाव मराठीत होतं का इंग्रजीत, हे विचारून लिहून घ्यावं. शक्य असेल तर त्या माणसाच्या शेजारी बसून त्याला नेहमीच्या वेगाने काम करू द्यावं आणि मध्ये न बोलता नुसतं पाहावं. दुरुस्तीनंतर तोच क्रम, त्याच वेगाने, त्याच मशीनवर त्याच माणसाकडून पुन्हा करून घ्यावा आणि मगच तक्रार मिटली असं लिहावं.